पर्जन्याचा मधुर थेंब

फार प्राचीन काळी, कृतयुग सरत आले असता, पयोष्णीच्या तीरी वेताच्या बनात महातपस्वी धौम्रायण ऋषींचा आश्रम होता. पलीकडच्या घोर अरण्यात करालदंष्ट्र नावाचा नरभक्षक राक्षस राही. रोज सायंकाळी अग्नीभोवती बसून शिष्य एका सुरात रक्षोघ्न सूक्त म्हणत, तेवढ्याच बळावर तो कुंपणाबाहेर अडून राही. पण शिष्य मोठे कंटाळखोर! सूक्ताचा एक चरण म्हणावा आणि चार जांभया द्याव्यात. एखाद्या सायंकाळी ह्यांनी मध्येच सोडून दिले तर, ह्या विचाराने धौम्रायण रात्र रात्र जागत.

अखेर उग्र तप करून त्यांनी पर्जन्यदेवाला प्रसन्न केले. "देवा, जो शुद्ध चरण म्हणेल, त्याच्या जिभेवर आकाशातून मधुर थेंब पडो!"

"तथास्तु! पण ऋषिवर, आकाश सदैव माझ्याच हाती असते असे नाही."

वर मिळाल्याच्या आनंदात ऋषींनी ते कानाआड केले. आणि काय सांगावे! तेच शिष्य आता पहाटेपासून घोकू लागले. चरण म्हणायचा, मान वर करायची, आ वासायचा. थेंब पडला की पुढचा चरण. ऋषी निर्धास्त झोपू लागले.

पुढे एके दुपारी वृत्रासुराने आकाशातली सारी जले कोंडली. त्या सायंकाळी शिष्यांनी पहिला चरण म्हटला, माना वर केल्या आणि आ वासला. थेंब पडेना, म्हणून पुढचा चरणही कोणी म्हणेना. कुंपणाचे काटे कडाकडा मोडू लागले.

"म्हणा, वत्सांनो, म्हणा!" ऋषी विनवू लागले.

"गुरुदेव, अजून थेंब पडला नाही," थोरला शिष्य शौनहोत्र म्हणाला. त्याची नजर खालीसुद्धा आली नाही.

"अरे, थेंब कसला! काळ दारात उभा आहे!"

राक्षसाच्या उष्ण श्वासाने अग्नीची ज्वाला आडवी झाली. ऋषी एकटेच सूक्त म्हणू गेले, पण एकट्याच्या सुराला राक्षस अडेना. नखांचा पंजा शौनहोत्राच्या खांद्यावर पडला, तरी त्याचे मुख आकाशाकडेच! तेव्हा भयाने वेडेपिसे होऊन ऋषी ओरडले, "मूढांनो, थेंबासाठीच आ वासायचा, तर युगानुयुगे तसेच राहा!"

तपस्व्याचा शब्द तो, फुकट कसा जाईल? शिष्यांच्या बाहूंना पंख फुटले. राक्षसाच्या मुठीत एक पीस उरले आणि सारा थवा आकाशात उडाला. हाडकुळ्या म्हाताऱ्याकडे ढुंकूनही न पाहता राक्षस अरण्यात परतला.

तेच हे चातक. भूमीवरचे जल त्यांना आजही चालत नाही. चोच वर करून ते थेंबाची वाट पाहतात आणि आर्त स्वरात सूक्ताचा पहिलाच चरण आळवतात. धौम्रायण मात्र देह पडेपर्यंत रोज सायंकाळी विझल्या अग्नीपाशी बसत. ती हाक आली की थरथरत्या आवाजात दुसरा चरण म्हणत, आणि मान वर करून, कोणी तिसरा म्हणेल म्हणून थांबून राहत.