उघडा रक्तगट

रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मुख्य अभियंता दाभाडेसाहेब भर बैठकीत गरजले, "कोडमध्ये रक्तगटाच्या नावाआधी अंडरस्कोअरची आडवी रेघ आहे ना? ती 'हात लावू नये' अशी पाटीच आहे. वेगळं कुलूप कशाला?"

नवखी शलाका मोघे डगमगली नाही. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत 'क्लास' म्हणजे माहितीचा साचा; त्यातलं सगळं मुळात उघडंच असतं, नावाआधी हॅशचं चिन्ह (#) लावलं तरच बाहेरच्यांना बंद होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चाचणीसाठी साहेबांच्याच नावाने रुग्ण नोंदवला आणि क्लासबाहेरून एकच ओळ लिहिली. पडद्यावर त्यांचा 'ओ' रक्तगट 'एबी' झाला.

"अहो, पाटी वाचली नाही का?" साहेब ओरडले.

"वाचली ना, सर. म्हणून तर नेमका कुठे हात घालायचा ते कळलं!"

साहेबांनी कीबोर्ड ओढला आणि स्वतःच हॅश लावला.