न हलणाऱ्या पट्ट्या

ऑर्केस्ट्रातलं काम टिकवायला शेवंताच्या नवऱ्याला कीबोर्ड हवाच होता, आणि ऐपत जुन्याचीच होती. दुकानदार बेंद्रेशेठ मात्र नवा गळ्यात मारायला बघत होते.

“जुना नको, वहिनी. तो ज्या मास्तरांचा होता ते वारले, पण अजून वाजवतात. तुमच्या घरात तान्हं आहे.”

तेवढ्यात जुना आपोआप वाजू लागला. नवरा मागे सरला. शेवंताने बाळाला घट्ट धरलं आणि वाकून बघितलं.

“शेठ, मास्तर वाजवतात, मग एकही पट्टी खाली कशी जात नाही?”

शेठनी आत भरून ठेवलेलं गाणं बंद केलं.

जुना घरी आला. दुपारी बाळ झोपलं होतं. वायर अजून पिशवीतच होती, तरी पट्ट्या एकेक करून खाली जात होत्या. आवाज मात्र नव्हता.

शेवंता बाळ आणि कीबोर्डच्या मधे जाऊन बसली. मग ती म्हणाली, “मास्तर, असंच वाजवत जा. बाळ उठत नाही.”