सादकड्याने दिलेलं नाव

नादवणे गावाच्या पश्चिमेला हा जो काळा कडा उभा आहे, त्याला सादकडा म्हणतात. पाहुणे आले की गावातले धोंडूतात्या त्यांना इथं आणतात, डोक्यावरची टोपी काढतात आणि मगच बोलू लागतात.

फार पूर्वी म्हणे या खोऱ्यात एकच कायदा होता. ज्याचं नाव कडा परत देईल, तो गावचा. मुलगा झाला की आजा कड्यासमोर उभा राहून त्याचं नाव पुकारायचा. मुलीचं पुकारत नसत, कारण ती परक्या घरी जायची. सुनेचंही नाही, कारण ती परक्या घरून आलेली. मग बाई होती तरी कुठली? बायकांना हा प्रश्न पडतही असेल, पण त्यांना विचारतो कोण!

राजसबाईचा नवरा दरीत पडून गेला. तेराव्याला गावच्या नाईकाने तिला बजावलं, "नवऱ्याच्या नावावर ऱ्हात हुतीस. आता दिस बुडायच्या आत येस वलांड." माहेरच्यांनीही दार लावून घेतलं होतं. जायचं कुठं? ती उठली ती तडक कड्यासमोर जाऊन उभी राहिली. मागोमाग सगळा गाव आला, सासूही आली.

"राजसबाई!" ती ओरडली. कडा गप्प. घसा फाटेस्तोवर पुन्हा ओरडली. काही नाही. लोक हसले.

तेव्हा सासू पुढे झाली. "अगं, त्ये आमी ठेवल्यालं नाव. तुजं सांग की."

तिला आठवायला वेळ लागला. लग्नात ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं गेलं, त्या दिवसापासून जुनं कुणी उच्चारलंच नव्हतं. "सोनकी!" तिने हाक दिली, आणि सारा कडा दणाणला, असं सांगतात. सोनकी, सोनकी, सोनकी! नाईकाच्या हातातली काठी गळून पडली.

सोनकीला आनंदाने रडू फुटलं. "आत्याबाई, तुमचं?"

म्हातारीने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. साठ वर्षांत नाव पार पुसून गेलं होतं. ती माघारी वळली. तोच, कुणीही न पुकारता, कडा आपणहून बोलला, "तानू..."

म्हातारी पुन्हा कड्याकडे वळली. "जी," एवढंच म्हणाली, हाक मारलेल्या पोरीसारखी.

आजही नादवण्यात नवी नवरी घराचा उंबरा ओलांडण्याआधी इथं येऊन आपलं माहेरचं नाव पुकारते. आणि ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, अशा म्हाताऱ्या कड्याकडे तोंड करून कान देऊन बसून राहतात. म्हणून तात्या पाहुण्यांना सांगतात, इथं जरा हळू बोला.