पिवळं दिसलं की

एका गावात भिवा नावाचा एक भोळा हमाल होता. बाजारात तो पोती उचलायचा. अक्कल सोडून काहीही उचलायचा. आणि सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा, हीच त्याची मोठी खोड होती.

त्याच्या बायकोला, सगुणेला, मुलगा झाला. गावाबाहेरच्या सरकारी दवाखान्यातून घरी सोडताना नर्सबाई भिवाला म्हणाल्या, "दोन-तीन दिवसांत बाळाला कावीळ दिसू शकते. रोज अंगणात, दिवसाच्या उजेडात बघायचं. पिवळं दिसलं की घेऊन यायचं."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी भिवाने बाळाला अंगणात आणलं. बघतो तर पिवळंधमक. बाळाच्या आत्याने शिवलेलं झबलं होतं ते. भिवाने झबलं काढलं, नीट घडी घातली आणि धावत दवाखाना गाठला.

"बाळ कुठंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"घरी हाय. ते गोरंगोमटं हाय. पिवळं एवढंच व्हतं."

नर्सबाईंनी झबल्याकडे पाहिलं, मग भिवाकडे पाहिलं. झबलं जरा शहाणं वाटत होतं. "अरे, कपडे काढून अंग बघायचं. कपाळावर, छातीवर बोट दाबायचं आणि उचलायचं. दाबलेली जागा पिवळी दिसली, तर बाळाला आणायचं."

"बरं बाई. आता चुकनार न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळीच न्हाऊ घालणारी तान्हूबाई आली आणि बाळाला सायीत कालवलेली हळद चोळून, आंघोळीचं पाणी तापवायला चुलीकडे गेली. तेवढ्यात भिवाने बाळ अंगणात आणलं. कपडे नव्हतेच. बोट दाबलं, उचललं. जागा पिवळी. बोटसुद्धा पिवळं. बापालाही लागण झाली असं समजून भिवा बाळ घेऊन पळत सुटला. सगुणा मागून हाका मारत राहिली, पण नर्सबाईंनी बाळाला आणायला सांगितलं होतं, सगुणेला नाही.

नर्सबाईंनी ओला कपडा फिरवला. पिवळेपणा कपड्यावर आला आणि बाळ होतं तसं गोरं निघालं. मग ते भुकेने असं किंचाळलं की वॉर्ड गोळा झाला.

"ही हळद आहे. बाळाला असलं काही चोळायचं नाही. चोळलंच असेल तर आधी धुवायचं, मग बघायचं. आणि याची आई कुठंय? दर दोन तासांनी याला अंगावर पाजायचं असतं. पोटभर दूध मिळालं की कावीळ उतरायला मदत होते. इथून पुढे आईला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नकोस."

"बरं बाई. आदी धुवायचं. आई आनायची."

चौथ्या दिवशी बाळ खरंच पिवळं झालं. डोळे पिवळे, छाती पिवळी, पोट पिवळं. भिवाने आधी धुतलं. जाईना. साबण लावून धुतलं. जाईना. तिसरी बादली भरायला तो आडावर गेला, तेव्हा सगुणा बाळाच्या तळपायाला टिचक्या मारत होती.

"सकाळधरनं प्यालं न्हाई वो. उठवलं तरी उठंना," ती म्हणाली.

"थांब की, धुऊन काडतो. मंग जाऊ."

सगुणेने ओलं बाळ उचललं, पदरात गुंडाळलं आणि ओली बाळंतीण असूनही पायी रस्त्याला लागली. भिवा मागून बादली घेऊन धावला.

या वेळी नर्सबाई हसल्या नाहीत. बाळाचं पाऊल दाबून बघताना त्यांचा चेहरा उतरला. "पायापर्यंत गेलीय. आणखी वाढली तर मेंदूला धोका. धुवत काय बसलास?" त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. बाळाचं रक्त तपासलं, अंगावर फक्त लंगोट ठेवला, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला निळ्या दिव्याखाली निजवलं. मधून मधून कूस बदलायची आणि दर दोन तासांनी सगुणेने पाजायचं. भिवा दाराशी बसला. बादली मांडीवर घेऊन तो हुंदके देऊन रडला. भोळ्या माणसाला दुःख कमी होतं असं नाही.

तीन दिवसांनी बाळाचा रंग उतरला आणि ते पोट फुटेस्तोवर प्यायला लागलं. निघताना नर्सबाईंनी बजावलं, "भिवा, पुन्हा पिवळं दिसलं तर धुवायचं नाही, कुणाला विचारत बसायचं नाही. उचलायचं आणि आणायचं."

"बाई, आता जीव गेला तरी उशीर करनार न्हाई."

पुढच्या आठवड्यात पाटलांच्या हणमंताचं लग्न होतं. दारात मांडव, बँड जोरात. भिवा जेवायला गेला आणि मांडवातच थबकला. हणमंता पाटावर उघडाबंब बसलेला, टाळूपासून तळव्यापर्यंत पिवळा. पायापर्यंत गेली होती. आणि जमलेल्या बाया गाणी म्हणत होत्या.

धुवायचं नाही. विचारायचं नाही. भिवाने हणमंताला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. नवरदेवाला मामाने उचलायची रीत असते. मामाकडचा कुणीतरी असेल म्हणून बायांनी अक्षता टाकल्या. हणमंतानेही लाजून डोळे मिटून घेतले. "म्हातारे, तूबी चल," भिवा म्हणाला, तशी हणमंताची आई आरतीचं ताट घेऊन निघाली. मागोमाग बँड निघाला.

दवाखान्यात वाजंत्री कशी म्हणून नर्सबाई धावत आल्या. निळ्या दिव्याखालच्या वीतभर पेटीत हणमंताचं डोकं आणि एक खांदा मावला होता. बाकीचा हणमंता स्टुलावर होता. अंगावर लंगोट, डोळ्यांवर मुंडावळ्या घट्ट बांधलेल्या. भिवा त्याची कूस बदलत होता.

"भिवा, हे काय चाललंय?"

"बाई, या वक्ताला कायबी चुकलो न्हाई. धुतलं न्हाई, विचारलं न्हाई, उशीर केला न्हाई."

"आणि या म्हातारीला कशाला आणलंस?"

भिवाने पासष्ट वर्षांच्या पाटलीणबाईंकडे बोट दाखवलं. आरतीचं ताट छातीशी घट्ट धरून त्या भिंतीला चिकटल्या होत्या.

"तुमीच समजावा बाई हिला," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "निघाल्यापास्नं दोन तास होत आले, अजून पाजाया तयार न्हाई."