लाळेचा रिपोर्ट

“लाळ खोटं बोलते का, बाई?”

प्रद्योतनं विचारलं, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

बाई म्हणजे डॉ. सरंजामे. गावातल्या धर्मादाय दवाखान्यात फिट्सचे पेशंट तपासण्यात त्यांनी सारा जन्म घातलेला. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रद्योतनं लाळेची तपासणी इथं आणली होती. सुई नको, रक्त नको. पेशंटनं कपात थुंकायचं, की फिटचं औषध अंगात किती आहे ते कळतं. काम खरोखर चांगलं होतं. पण तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

“नाही,” बाई म्हणाल्या. “लाळ कशाला खोटं बोलेल?”

“शेवंताचे पहिला सोडून सगळे रिपोर्ट चांगले होते. औषध बरोबर भरत होतं. तरी ती...”

पुढचं त्याच्याच्यानं बोलवेना.

शेवंता ओढ्यावर धुणं धुताना फिट येऊन पालथी पडली होती. पाणी जेमतेम घोट्याएवढं. एकटीच होती, तिथंच गेली. तिची आई नुकतीच येऊन सांगून गेली. रडली नाही, उलट त्यालाच समजावत बसली.

“गोळीनं लई गुंगी यायची तिला, डॉक्टर. खुरपं हातातनं गळायचं. मग सासू हाय आन् ती हाय. म्हणून एरवी घेतच नव्हती. तुमच्याकडं यायचं असलं की मात्र आधी दोन-तीन दिस न चुकता घ्यायची. डॉक्टर रागवत्यात, म्हणायची.”

रागावला होता खरा. पहिला रिपोर्ट कमी आला तेव्हा त्यानं सगळ्या रांगेसमोर तिची खरडपट्टी काढली होती. पोर मान खाली घालून उभी राहिली. पुढच्या खेपेपासून रिपोर्ट सुधारले, आणि आपल्या ओरडण्याचा गुण आला असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. आता ते आठवून त्याला स्वतःची शिसारी येत होती.

तरीही तो म्हणाला, “गुंगी येते एवढं बोलली असती तर डोस कमी केला असता मी. औषध बदललं असतं. सांगायला काय झालं होतं तिला?”

बाईंनी टेबलावरचा एक रिकामा कप त्याच्यापुढे सरकवला.

“थुंक.”

“मी?”

“थुंक.”

त्यानं कप तोंडाशी नेला. जीभ टाळूला चिकटली होती. गालात, जिभेखाली, कुठं काही नव्हतं.

“येत नाही, बाई.”

बाई उठल्या. तोंड सुकलेल्या पेशंटला लाळ सुटावी म्हणून बशीत लिंबू चिरून ठेवलेलं असे. त्यातली एक फोड उचलून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

“घे. तू ओरडलास त्याच्या पुढच्या खेपेला शेवंताचंही तोंड असंच सुकलं होतं. तू तिला हेच दिलं होतंस.”