धोंडमाळाचा टॉवर

"आणि तुझं हे नेटवर्क याच्याहूनही जोरात जायला लागलं तर?"

काशिलिंग महाराजांनी शेंगा फोडता फोडता विचारलं.

"याच्याहून जोरात?" मन्मथअप्पा उटगे हसले. "महाराज, तेच तर घेऊन आलोय."

धोंडमाळाच्या माथ्यावर मठ. मठापुढं दगडी ओटा. मागच्या बाजूला मन्मथअप्पांनीच वीस वर्षांपूर्वी उभा केलेला मोबाइलचा टॉवर. महाराज ऐंशीच्या पुढचे, अप्पा साठीला टेकलेले. अप्पांचं शिक्षण सातवी. पण टॉवरचं काम निघालं की तालुक्यातले इंजिनिअर लोकही आधी अप्पांना विचारायचे.

आज काम एकच होतं. टॉवरवरची जुनी यंत्रं उतरवायची आणि फाइव्ह जीची चढवायची. जागा मठाची, म्हणून कागदावर महाराजांची सही हवी. सोमवारच्या आत सही मिळाली, तर तालुक्यातला पहिला फाइव्ह जी टॉवर धोंडमाळाचा. नाही मिळाली, तर साखर कारखान्याच्या गच्चीवरचा.

आणि मन्मथअप्पा उभ्या आयुष्यात कुठं दुसरे आले नव्हते.

"सांग की मग," महाराज म्हणाले. "पहिल्यापासून सांग. जेवायला अवकाश आहे."

दुकानदाराला कधी माल दाखव म्हणू नये. तो अख्खं ठाण सोडतो.

"पहिली माझी एसटीडीची काचेची खोली, महाराज. अर्धा तालुका तिथं हॅलो म्हणायला शिकला. मग हा टॉवर आला. टू जी. नुसतं बोलणं आणि चार ओळींचा मेसेज. पण काय अप्रूप! निवृत्ती पाटलाचा मोबाइल वाजला म्हणून त्यानं गल्लीत पेढे वाटले. राँग नंबर होता. तरी वाटले."

महाराज हसले.

"मग फोटो यायला लागला, पण वरनं खाली, सरकत सरकत. माझ्या पुतणीसाठी मुलाचा फोटो मागवला. सकाळी फेटा आला. दुपारी कपाळ. मिशांपर्यंत येईस्तोवर बायकांनी साखर वाटून टाकली होती."

"मिशा कशा निघाल्या?"

"नव्हत्याच."

महाराजांच्या मांडीवरची टरफलं हसण्यानं खाली सांडली.

"थ्री जी आलं, तोंड बघून बोलणं सुरू झालं. मधेच अडकायचं. माझा मेहुणा दहा मिनिटं आ वासून बसला होता पडद्यावर. मग फोर जी. बांधावर बसून पिक्चर बघतात आता लोक. आणि हे फाइव्ह जी…" अप्पा पुढं सरकले. "तुम्ही ती शेंग फोडून दाणा तोंडात टाकेपर्यंत अख्खा पिक्चर उतरतो."

महाराजांनी शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मोठं काम केलंस, मन्मथा."

वीस वर्षांत हे शब्द त्या तोंडून आले नव्हते. अप्पांना वाटलं, टॉवरच्या शेजारी आपणही दोन हात वर चढलो.

त्यांनी बॅगेतून नकाशा काढला. तालुक्याचा. गाव न् गाव हिरवं.

"हिरवं म्हणजे नेटवर्क. आमची मोजणीची गाडी फिरते, महाराज. गाडीत चार फोन, एक लॅपटॉप. गाडी पुढं जाते तसा नकाशा आपोआप रंगत जातो. एक ठिपका रिकामा नाही. नव्या यंत्राचाही असाच निघणार."

महाराजांनी नकाशा गुडघ्यावर पसरला. मठाच्या मागच्या दरीवर बोट ठेवलं.

"इथं?"

"हिरवं."

"गाडी गेली होती?"

"दरीत रस्ता कुठाय, महाराज? वरच्या डांबरी रस्त्यावरनं मोजलं. उरलेलं कॉम्प्युटर रंगवतो."

"हुशार आहे."

"कोण?"

"कॉम्प्युटर. न जाता रंगवतो."

अप्पांनी हसायला तोंड उघडलं… आणि नकाशाची घडी घातली.

तेवढ्यात आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. दासोहाची, म्हणजे मठाच्या अन्नदानाची वेळ झाली होती. या मठाचा एक जुना रिवाज आहे. पंगत बसण्याआधी कड्यावर जाऊन दरीत हाक मारायची, कोणी उपाशी आहे का? कोणी ओ दिली, तर तो वर चढून येईपर्यंत मठात कोणी घास घ्यायचा नाही.

"आज माझा घसा बसलाय," महाराज म्हणाले. "तू मार हाक."

अप्पा उठले. मान मोठा होता. शिवाय आवाज आठवडी बाजारात कमावलेला. कड्यावर उभे राहून त्यांनी एका दमात सोडलं, "कोणी उपाशी आहे का, असेल तर चला लवकर, पंगत बसतेय!"

समोरच्या कड्यावर आवाज आदळला. त्याचे तुकडे झाले. एकावर एक पडले.

खालून काही नाही.

त्यांनी पुन्हा मारली. जास्त जोरात, जास्त भरभर.

काही नाही.

"कोणी नाही, महाराज. बसू या?"

महाराज काठी टेकत कड्यापाशी आले. श्वास घेतला. बसलेल्या घशातून खालच्या पट्टीतला, भरड आवाज निघाला.

"कोणी…"

थांबले.

"उपाशी…"

पुन्हा थांबले. दरीला तेवढा शब्द गिळू दिला.

"आहे… का…"

घार एक घिरटी घेऊन गेली.

मग खालून, फार खालून, "ओ… आलो…"

वारा टॉवरच्या तारांतून जात होता.

"महाराज…"

"हं."

"नव्या यंत्राची लाट बारीक असते. वेग भारी, पण टेकाड आडवं आलं की अडते. जुनीचा पल्ला मोठा. संथ असते, पण दरीत उतरते."

"असं होय?" महाराजांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं विचारलं. "तुला ठाऊक होतं तर."

"धंदाच आहे माझा."

"हं…"

दोघं ओट्यावर येऊन बसले. आत आमटीचा वास सुटला होता. अप्पांचा फोन वाजला. कंपनीचे साहेब.

"उटगे, सही झाली का?"

"थांबा."

"अहो, किती थांबायचं? कारखान्याचे लोक माझ्यासमोर बसलेत!"

"एक माणूस वर चढून येतोय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. कंपनीचा फोन आपण होऊन ठेवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

पाऊण तासानं बिरूबा सुरनर वर आला. दरीतल्या वस्तीवरचा धनगर. मेंढरं लेकावर सोपवून आला होता. गळ्यात सुतळी, सुतळीला बटणांचा जुना फोन. महाराजांच्या पाया पडला आणि पंगतीत अप्पांच्या शेजारीच बसला.

"तुम्हीच का टावरवाले मालक?"

"हो."

"आरं तिच्या!" त्यानं भाकरी ताटात ठेवली आणि हात जोडले. "आमच्या वस्तीवर पाव्हणा आला की आधी वर बोट करून दावतो मी. म्हणतो, ते बघा, आमचं टावर. पाव्हण्याच्या गावात नसतंय ना!"

असा अभिमान अप्पांना स्वतःलाही कधी वाटला नव्हता.

"रेंज येते का खाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक काडी. पर पक्की. झऱ्यावर एक उंच दगड हाय, त्याच्यावर उभं ऱ्हायलं की लागतोय फोन. माघात सून अडली होती. त्याच दगडावरनं नर्सबाईला लावला. आता नातू रांगतोय."

"नाव काय ठेवलं?"

"मी म्हणलं, टावरसिंग ठेवा." बिरूबानं आमटीचा भुरका मारला. "सुनंनं ऐकलं न्हाई."

पंगत हसली. अप्पाही हसले, पण त्यांचा घास हातातच राहिला.

"आता नवीन यंत्र चढवणार म्हणत्यात, मालक. खरं का?"

"खरं."

"मग दोन काड्या येतील?"

अप्पांनी महाराजांकडं बघितलं. महाराज ताटाकडं बघत होते. वाढपी आमटीची बादली घेऊन आला, थांबला, पुढं गेला.

बिरूबा उत्तराची वाट बघत होता. घाई नव्हती त्याला. दोन काड्या येणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

"बघतो," अप्पा म्हणाले. एवढंच.

जेवणं झाली. बिरूबा दरीच्या वाटेला लागला. महाराजांनी हात पुसले, चष्मा लावला.

"आण कागद, मन्मथा. कुठं करू सही?"

अप्पांनी बॅग मांडीवर घेतली. चेन अर्धी उघडली. पुन्हा लावली.

"आज नको, महाराज."

"का रे? सोमवार म्हणत होतास."

"या कागदात जुनं उतरवायचं लिहिलंय. मला दुसरा कागद पाहिजे. जुनं राहील आणि नवंही चढेल, असा."

"दोन्हींचा भार पेलंल तुझा खांब?"

अप्पांनी मान वर केली. टॉवरकडं बघितलं. पायथ्यापासून टोकापर्यंत.

"मी उभा केलाय तो, महाराज. चार यंत्रांचा पेलंल."

"आणि पहिला नंबर?"

"जाईल कारखान्याच्या गच्चीवर." अप्पांनी बॅग बाजूला ठेवली. "जाऊ दे. गच्ची काय, उद्या कुणाचीही असते. डोंगर आपला आहे."

"कंपनी ऐकंल?"

"इथले साहेब नाही ऐकायचे. मुंबईच्या मोठ्या साहेबांशी बोलतो. का ऐकत नाहीत बघतो! आत्ताच लावतो."

त्यांनी फोन काढला. नंबर लावला. पलीकडून कोणी हॅलो म्हणायच्या आतच भरभर सुरू केलं, "साहेब, मी उटगे, धोंडमाळावरनं, ते टॉवरचं, जुनं उतरवायचं नाही, खाली वस्ती आहे…"

महाराजांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश बोल," ते म्हणाले. "मुंबई लांब आहे."