एका फुंकेची बातमी

सांगा बरं, रोज द्यायची बातमी लांबलचक असावी की वर्षातून दोनदा द्यायची?

एका गडावर सरदार रंगराव यांनी बुरुजावरच्या शिंगाचे नियम ठरवले होते. वर्षातून दोनदा सरदार गडावर येत; ते येताना दिसले की एकच फुंक, कारण दाराशी ताटकळणं त्यांना खपत नसे. ‘सारं ठीक आहे’ याला मात्र नऊ फुंका, आणि ही बातमी घटकेघटकेला द्यायची. शिंग फुंकणाऱ्या तुळाजीला धाप लागायची. एक फुंक चुकली तर काम जाणार होतं.

शेवटी सरदार गडावर आले असताना त्याची बायको भिवरा गडाच्या मालकीण राणीसाहेबांपुढे उभी राहिली. “एवढं उलटं करा, बाईसाहेब. ‘ठीक’ला एक फुंक आणि सरदारांना नऊ.”

“मला ताटकळत ठेवतेस?” सरदार गरजले.

“रागावू नका, सरदार. रोजचा तांब्या हाताशी असतो आणि सणाची पैठणी पेटीच्या तळाशी. त्यात पैठणीचा अपमान होत नाही.”

“मला एकच फुंक हवी!”

“मग तुम्हीही घटकेघटकेला येत जा.”

राणीसाहेब खळखळून हसल्या आणि त्यांनी नियम बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळाजीने एकच फुंक मारली आणि तो दम न लागता न्याहारीला बसला.